धुराड्याचा मोह

अहिल्यानगर जिल्ह्यांत, म्हणजे २०२४ पर्यंतच्या आपल्या अहमदनगरांत, शेतीपंपांस पाळीपाळीनें दिवसा व रात्रीं वीज देण्याची रीत वर्षानुवर्षें चालत आली आहे. रात्रीच्या पाळीचा शेतकरी कडाक्याच्या थंडींत बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यावयास निघतो. त्याच उसांत बिबट्याही आसरा धरून असतो. पाणी दिवसा दिलें तरी पिकाला चालतें, आणि सूर्यही दिवसाच तळपतो. मग या माणसास मध्यरात्रीं कां उठवावें? याचें उत्तर यंत्रशास्त्रापेक्षां मानसशास्त्रांत अधिक सांपडेल, असें आम्हांस वाटतें.

सरकारास उपाय ठाऊक नाहीं, असें नव्हे. शेतीपंपांना दिवसा सूर्याची वीज पुरविणारी मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना २०१७ सालीं निघाली, आणि पहिल्या प्रयोगांसाठीं निवडलेल्या गांवांत याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धी होतें. २०२३ सालीं योजनेचा विस्तारही झाला. पण त्याच वर्षीं नागपूरजवळ कोराडी येथें ६६० मेगावॉटचे आणखी दोन कोळशाचे संच उभारण्याच्या सरकारी कंपनीच्या प्रस्तावावर जनसुनावणी झाली. एका हातानें दिवा लावावयाचा आणि दुसऱ्या हातानें काजळी विकत घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे!

‘कोळशाचा भरंवसा असतो,’ हें या व्यवहाराचें ठरीव समर्थन. तो भरंवसा तपासून पाहूं. परळीचें औष्णिक केंद्र २०१३ सालीं आणि पुन्हां २०१५ सालीं पाण्यावांचून बंद ठेवावें लागलें. परदेशांतून आणावयाच्या इंधनाच्या भिस्तीवर दाभोळच्या प्रकल्पाची बोलणीं १९९२ सालीं सुरू झालीं. २००१ सालीं तो बंद पडला. आणि २००५ सालीं सार्वजनिक कंपन्यांचा पैसा ओतून त्यास पुन्हां उभें करण्याचा खटाटोप आरंभिला गेला. बुडत्याचा पाय खोलांत म्हणतात, तो असा.

तरीही परळी थांबली तेव्हां दोष अवर्षणास मिळाला, दाभोळ बुडालें तेव्हां करारास. इंधनावरील श्रद्धा अढळ राहिली. सौर पंप मात्र ढगाळ हवेंत घटकाभर मंदावला, कीं ‘आम्ही सांगतच होतों’ असें म्हणावयास सारे मोकळे! रूढ मार्गानें झालेली हानि दैवाच्या खातीं मांडावयाची, आणि नव्या मार्गाची मात्र तो मार्ग धरणाऱ्याच्या, हा आपल्या मनाचा हिशेब आहे. सत्तेवरील मनुष्य तो पुरता ओळखून असतो. सर्वांबरोबर चुकण्यांत त्यास धोका नाहीं. एकट्यानें बरोबर असण्यांत मात्र आहे.

आजचीं केंद्रें उद्यां बंद करा, असें आम्ही म्हणत नाहीं. सूर्यास्तानंतर दिवे लागले पाहिजेत, आणि विजेची सांठवण अजून सर्वत्र झालेली नाहीं. वाद आहे तो नव्या पैशाचा. आज बांधलेला संच पुढील पिढीच्या गळ्यांत बांधला जातो. एकदां खर्च झाला, कीं तो वांया जाऊं नये म्हणून कोळसा जाळणें हेंच कर्तव्य होऊन बसतें.

आणि सरकारासच कां बोल लावावा? आपल्या दिवाणखान्यांतील पंखा फिरत राहिला, कीं वीज कोठून आली हें आपण विचारीत नाहीं. धूर दुसऱ्याच्या गांवीं, जागरण तिसऱ्याच्या शेतांत. आपल्या वांट्यास केवळ वारा येतो. ज्याची किंमत आपण देत नाहीं, तें आपणांस स्वस्त वाटतें.

आमची एकच सूचना आहे. नवा पैसा कोठें घालावयाचा हें ठरविणाऱ्या मंडळींनीं आपली एक बैठक पौष महिन्यांत, रात्रीं दोन वाजतां, संगमनेरकडील एखाद्या उसाच्या बांधावर भरवावी. भरंवसा कशास म्हणतात, याचा निर्णय तेथें फार लौकर लागेल.