छर्रा जाड हवा की बारीक?

आमच्या भाईंदर पूर्वेला दोन इमारतींमधून वाऱ्यालासुद्धा अंग चोरून जावे लागते. अशा ठिकाणी शेजारच्या चिरंजीवांनी दिवाळीला एअरगनचा हट्ट धरला. तीही साडेपाच मिलिमीटरची! "काका, छर्रा जाड तितकी ताकद जास्त," हे त्यांचे शास्त्र. वडील बिचारे सल्ला मागायला आमच्याकडे आले.

वास्तविक ताकद छऱ्यात नसते, आपल्या दंडात असते. नळी वाकवून आपण स्प्रिंग दाबतो. घोडा ओढताच ती दट्ट्याला पुढे लोटते, कोंडलेली हवा दाबली जाऊन तापते आणि छऱ्याला हाकलते. या खटाटोपात स्प्रिंगची निम्म्याहून अधिक शक्ती घर्षणात, उष्णतेत आणि दट्ट्याच्या हिसक्यात जिरते. जाड छऱ्याचे बूड सुमारे दीडपट मोठे असल्याने काही बंदुकांत त्याच्या पदरी थोडी जास्त पडते खरी. पण त्याचे वजनही जवळजवळ दुप्पट!

हिशेबच मांडू या. अर्ध्या ग्रॅमचा साडेचार मिलिमीटरचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला, तर त्याची शक्ती सुमारे ७ जूल. तेवढ्याच शक्तीवर ०.९ ग्रॅमचा जाड छर्रा १२७ मीटरचाच वेग घेतो. दहा मीटरवर पहिला पावणेदोन सेंटिमीटर खाली उतरतो, दुसरा तीन. शिवाय संथ छर्रा नळीत जास्त वेळ रेंगाळतो आणि तेवढ्यात बंदूक हिसका देते. नवशिक्याचा नेम तिथेच चुकतो.

"बारीक" हा शब्द चिरंजीवांना कमीपणाचा वाटला. तेव्हा सांगितले, सिडनीला २००० साली अंजली भागवत आणि अथेन्सला २००४ साली सुमा शिरूर ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, त्या साडेचार मिलिमीटरच्याच छऱ्यावर. त्यांच्या बंदुका स्प्रिंगच्या नव्हेत, आधीच दाबून भरलेल्या हवेच्या. पण निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर!

कायद्याचीही एक गोष्ट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही. साडेपाचला लागतो.

"बरे, नेम कुठे धरणार?" असे विचारले, तर बोट गच्चीकडे गेले. तिथे कबुतरे असतात. बायका पापडही वाळत घालतात. ७ जुलांत माणसाचा डोळा जातो, हे ऐकून वडिलांचा चेहरा उतरला. बंदुकीचे नाव तूर्त बाजूला पडले आहे. सुट्टी संपली की बापलेक नेमबाजीचा वर्ग बघायला जाणार आहेत.