घरातील कुंडी आणि शेतातील औषध

अलीकडे खेड्यांतील घरांतही ओसरीवर व खिडकीत मनीप्लँट, क्रोटन यांच्या कुंड्या दिसू लागल्या आहेत. तुळस तर पूर्वापार आहेच. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु पान पिवळे पडले की फवारणीतून उरलेली बाटली काढावयाची व चमचाभर औषध पाण्यात कालवून कुंडीवर शिंपडावयाचे, ही जी रीत पडू पाहत आहे, ती मला अत्यंत घातक वाटते.

मागील पावसाळ्यात एका शेतकरी बंधूंनी मला घरातील मनीप्लँट दाखविला. पाने पिवळी, शेंडे मलूल. कापसावरील कीटकनाशक त्यांनी त्यावर दोन वेळा मारले होते. मी कुंडी उपडी केली, तो तळाचे छिद्र बुजलेले, मातीचा चिखल झालेला आणि मुळे काळी पडून त्यांस कुजकट वास येत होता. झाडावर कीड एकही नव्हती! मुळांस हवा न मिळाल्यास ती कुजतात व कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणून ओल्या मातीतही झाड तहानलेले दिसते, आणि घरची मंडळी आणखी पाणी घालतात. त्या कुंडीपासून दोन हातांवर त्यांच्या नातवाचा पाळणा टांगलेला होता.

सन 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. ते तर उघडे शिवार होते. बंद खोलीत तेच विष कसे शिंपडावे? शिवाय तुळशीची पाने काढ्यात आणि तीर्थात पडतात.

कीड आहे की नाही, हे आधी पाहावे. बोटाचे एक पेर मातीत रोवून ओल तपासावी. नंतर पानाची खालची बाजू पाहावी. पान पांढऱ्या कागदावर झटकून बारीक ठिपके चालू लागले, तर ते बहुधा कोळी होत. कोळ्यास आठ पाय असतात, तो कीटक नव्हे. म्हणून पुष्कळशी कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. पाण्याच्या धारेने पाने खालून वारंवार धुणे हा त्यावर साधा उपाय होय. देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असल्यास तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटात भिजविलेल्या बोळ्याने तो पुसून काढावा व आठवड्याने पुन्हा पाहावे, कारण अंडी मागे राहतात. पाने चिकट व काळवंडलेली असून मुंग्यांची रांग लागली असेल, तर मावा किंवा खवले कीड शोधावी. ती काजळी त्यांच्या गोड स्रावावर वाढते. त्यावर सौम्य साबणाचे पाणी पुरते. मात्र ते प्रथम एकाच पानावर लावून पाहावे.

एका कुंडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. खटाटोप नको असेल, तर झाड उपटून टाकावे. त्यात कमीपणा नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मात्र घरभेटीत कुंडी पाहण्याआधी फडताळात औषधाची बाटली आहे काय, हे विचारावे. मला ती बहुधा गोडेतेलाच्या शेजारी सापडली आहे.