इग्बो स्त्रियांचे हिरावलेले अधिकार



आफ्रिकेतील स्त्रीला सार्वजनिक जीवनाचे दार युरोपीय अंमलानेच प्रथम उघडून दिले, असे विधान आपल्याकडील सुशिक्षितांच्या लेखनात इतक्या निःशंकपणे आढळते, की आग्नेय नायजेरियातील एक प्रकरण वाचकांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

इग्बो मुलुखात बहुतेक ठिकाणी राजा नव्हता. गावाचा कारभार सभांतून चाले. स्त्रियांच्या सभा स्वतंत्र असत, त्या बाजाराचे नियम ठरवीत, आणि बायकोला मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या दारी जमावाने जाऊन, त्याच्या अपकृत्यांची गाणी गात, प्रसंगी त्याच्या घराचे छप्परही उस्कटून, तो वर्तन सुधारण्याचे कबूल करीपर्यंत तेथून हलत नसत. ही समतेची व्यवस्था होती असे माझे म्हणणे नाही. बायकोने गाळलेले पामतेल रूढीने नवऱ्याचे होई आणि तिच्याकडे फळांच्या बिया तेवढ्या उरत. परंतु दाद मागण्याचे हक्काचे ठिकाण तिला होते. इंग्रजांनी मात्र निवडक पुरुषांना सनदा देऊन मुखिये नेमले, न्यायासनेही त्यांच्याच हवाली केली, आणि स्त्रियांच्या सभांची दखलच घेतली नाही.

1928 मध्ये पुरुषांकडून कर वसूल झाला. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबरात, ओलोको येथील सनदी मुखिया ओकुगो याचा माणूस घरोघरची माणसे आणि शेळ्यामेंढ्या मोजू लागला, तेव्हा आता कर आपल्यावर येणार हे ओळखून तेल गाळीत बसलेल्या न्वान्येरुवा नावाच्या स्त्रीने त्याच्याशी भांडण मांडले आणि स्त्रियांच्या सभेकडे धाव घेतली. पामच्या पानांचे निरोप गावोगाव गेले. ओकुगोला कैदेची शिक्षा झाली. तथापि स्त्रियांचा हा उठाव ओवेरी व कॅलाबार प्रांतांत पसरला, शेजारच्या इबिबिओ समाजाच्या स्त्रियाही त्यात उतरल्या, अनेक न्यायकचेऱ्या उद्ध्वस्त झाल्या, आणि सरकारी गोळीबारात पन्नासाहून अधिक स्त्रिया प्राणास मुकल्या. पिढ्यानपिढ्यांची संघटना पाठीशी असल्यावाचून इतक्या विस्तीर्ण प्रदेशात सहस्रावधी स्त्रिया काही आठवड्यांत उभ्या राहिल्या असत्या काय?

चौकशी झाली आणि 1933 च्या सुमारास सनदी मुखियांची पद्धत गेली. पण नव्या न्यायासनांवर स्त्रियांना अपवादानेच जागा मिळाली, आणि लोकांनी परस्पर दंड करण्यास मनाई झाल्याने अपराध्याच्या दारी ठाण मांडण्याचा त्यांचा जुना अधिकारही बेकायदा ठरला. मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळांचे मोल मी नाकारीत नाही. परंतु त्या राजवटीच्या उपकारांची यादी देणाऱ्या लेखकांनी हे हिरावलेले अधिकारही त्याच पानावर नोंदवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक