वीस हत्यारं आणि एक तेलाचा डबा

आधीच सांगून टाकते, ही पोस्ट घरातल्याच काही मंडळींना उद्देशून आहे आणि त्यांना ती आवडणार नाही. भाचे, पुतणे, आतेभाऊ, सगळे. नावं घेत नाही, ज्याची त्याला कळतील.

तर मुद्दा असा. परदेशातून सुट्टीला येताना तुम्ही सोनईला जे घडीचे चाकू आणता ना, ते जरूर आणा. पण त्यातली हत्यारं मोजणं आता बंद करा. "यात एकवीस आहेत", "माझ्यात चोवीस आहेत" हे दरवर्षी ओट्यावर बसून चालतं. मी म्हणते, त्यातलं एकच पातं बघा. डबा उघडायचं. त्यावरून चाकू घ्या नाहीतर सोडा.

कारण बाकीचं सगळं सोनईत आहे हो. कापायला विळी आहे आणि तिच्या टोकाला नारळ खोवायची सोयही आहे, म्हणजे एका पाटावर दोन हत्यारं, तीही कित्येक पिढ्यांपासून. पक्कड आहे, कात्री आहे, गोणी शिवायला दाभण आहे. आजोबांच्या चंचीत अडकित्ता असायचा, चुन्याची डबी असायची. खिशात मावणारी हत्यारं आम्हाला स्वित्झर्लंडने शिकवायची गरज नव्हती. आमच्याकडे नव्हतं ते फक्त पत्र्याचा डबा नीट उघडायचं साधन.

आणि ते अजूनही नाही! पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवायचं पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरांडने घेतलं १८१० साली. डबा उघडायच्या साधनाचं पहिलं पेटंट तिथेच १८५५ साली, रॉबर्ट येट्सचं. मधली पंचेचाळीस वर्षं लोक छिन्नी-हातोडी घेऊन डबे फोडत होते. हे वाचून तुम्ही हसाल. मग जरा स्वयंपाकघरात जाऊन बघा, आपल्या घरी पंधरा किलोचा तेलाचा डबा २०० वर्षांनंतरही कसा फोडतात ते. स्क्रूड्रायव्हर आणि वरवंटा. तेल संपल्यावर वरचा पत्रा काढून त्यात ज्वारी नाहीतर गहू भरायचे, म्हणून चारही बाजू कापायच्या असतात, आणि त्यातच हात जातो.

आत्याचा गेला. सत्तरी उलटलेली बाई, घरात एकटी. अंगठ्याच्या मुळाशी चांगला दोन इंच चिरला. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, टाके झाले. त्या वेळी तिच्या कपाटात, नव्या पिशवीत जसाच्या तसा, तुमच्यापैकी एकाने दिलेला जाडजूड पकडवाला चाकू पडलेला होता. "तो उघडतच नाही बाई माझ्याच्यानं," एवढंच म्हणाली ती.

म्हणून मी जरा बसून हे सगळं तपासलं. अगदी प्रत्येक पातं डब्याला लावून.

सगळ्यांत साधं म्हणजे अमेरिकन सैन्याचं पी-३८. १९४२ मध्ये शिकागोच्या त्यांच्या संशोधनशाळेत तयार झालं. किल्लीच्या जुडग्यात राहील एवढी पत्र्याची पट्टी आणि तिला घडीचं पातं. कल्पना सुंदर. पण जोर सगळा अंगठा आणि दोन बोटांच्या पिळावर. तरण्याताठ्या सैनिकासाठी ठीक, संधिवात झालेल्या हाताला ते जमत नाही. बाजारात मिळणाऱ्या चाकवाल्या ओपनरचंही तेच. तो किल्लीसारखा पिळावा लागतो. रसगुल्ल्याच्या किंवा आमरसाच्या गोल डब्यावर तो झकास चालतो, हे मान्य. तेलाच्या चौकोनी डब्याच्या कोपऱ्यावर मात्र अडकतो, शिवाय पत्रा जाड.

आता स्विस चाकू. कार्ल एल्सनरने १८९१ मध्ये स्विस सैन्याला जे चाकू पुरवले त्यातही डबा उघडायचं पातं होतंच. बंदूक खोलायला स्क्रूड्रायव्हर आणि जेवायला हे. म्हणजे ते नंतर जोडलेलं शोभेचं हत्यार नाही, चाकू जन्मला तोच त्यासाठी. आजच्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याला खालून एक खाच असते. ती डब्याच्या कडेखाली अडकवायची आणि मूठ वर उचलायची. टोक पत्र्यात घुसतं. मग थोडं पुढे सरकवायचं, पुन्हा उचलायचं. खाच ते टोक अंतर अगदी थोडं, आणि मूठ ९१ मिलिमीटरची. अडकित्त्याने सुपारी कातरलेल्या माणसाला यात काय होतंय ते सांगावं लागत नाही. सुपारी बिजागरीजवळ, हात लांब. यात पीळ नाही, मनगट उचलायचंय फक्त. कोपरा आला तरी ते अडत नाही, कारण एका वेळी ते जेमतेम बोटाच्या पेराएवढंच कापतं.

दुसरी स्विस कंपनी वेंगर. तिचं पातं नखीसारखं वाकडं आणि ते आपल्याकडे ओढत कापायचं. यावर लोक तासन्‌तास भांडतात. २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली आणि २०१३ मध्ये ते चाकूही स्वतःच्या नावाखाली आणले, त्यामुळे आता जुनाच शोधावा लागेल. मला विचाराल तर, विळीवर आयुष्यभर भाजी पुढे ढकलणाऱ्या बाईला पुढे जाणारं पातंच सरावाचं वाटतं. आत्याला ते पहिल्या डब्यातच जमलं. डावखुऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यासाठी उलटे नमुने निघाले आहेत, पण ते सहज दिसत नाहीत.

राहिले पकडवाले. लेदरमनने १९८३ मध्ये पहिला बाजारात आणला, आणि पकड म्हणून तो उत्तमच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एकाच पात्यावर बाटलीही उघडायची आणि डबाही उघडायचा या काटकसरीची. बाटलीला जाड, बोथट आकडा लागतो आणि डब्याला पातळ, धारदार टोक. दोन्ही एकत्र केल्यावर डबा उघडतो, नाही असं नाही, पण कापल्यापेक्षा फाडल्यासारखा. कड अशी दातेरी निघते की पुढे ती हातोडीने ठोकून बसवायलाच अर्धा तास जातो. आणि वजन! मोठा पकडवाला दोनशे ग्रॅमच्या वर, दोन थरांचा साधा स्विस चाकू साठच्या आसपास. सत्तरीतल्या हाताने शंभरदा उचलून बघा म्हणजे फरक कळेल.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. "आता सगळ्या डब्यांना रिंग असते." असते. अर्मल फ्रेझने ती कल्पना १९५९ मध्ये काढली आणि पेयांच्या डब्यांसाठी ती चांगलीच आहे. पण ती रिंग उचलायला नख लागतं आणि ओढायला बोटात ताकद. वयस्कर माणसाकडे नेमकं तेच नसतं. रिंग तुटून हातात आली की पुन्हा आपण स्क्रूड्रायव्हरवर. तेलाच्या डब्याला तर अशी रिंग मी पाहिलेली नाही. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, २०११ मध्ये तिथे बँकेची बिनकुलपाची शाखासुद्धा निघाली. तिथला तेलाचा डबा मात्र आमच्यासारखाच घट्ट बंद असणार :)

आणि हो, स्विस चाकूतही एक खोट आहेच. पातं बाहेर काढायला नखच लागतं, आणि स्प्रिंग कडक. आत्या नखाच्या खाचेत चमच्याची कड घालून ते उघडते. हे त्या कंपनीने कधीच सोडवायला हवं होतं, शंभर वर्षांहून जास्त वेळ मिळाला त्यांना. बुचाच्या स्क्रूचं मात्र सोनईत कुणाला काय काम, असं मी म्हणणार होते. तर ती त्याने गोणीच्या सुतळीची गाठ सोडवते.

तेव्हा येत्या दिवाळीला येणाऱ्यांनी दोन थरांचा, कॉर्कस्क्रू असलेला लहान चाकू आणावा. मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवलात तर विमानतळावरच काढून घेतील. एक आत्याला आहे, अजून दोन लागतील, मोठ्या काकूंना आणि मामींना. कपाटात तीन पकडवाले पडून आहेत. ज्याचे त्याने परत घेऊन जावेत, एकाची पिशवीसुद्धा अजून फोडलेली नाही.