रक्ताचे माप आणि वेळेचा हिशेब

किराणा दुकानातील वजनमापांवर सरकारी शिक्का असावा लागतो. तो नसेल तर दुकानदार २००९ च्या वैधमापनशास्त्र कायद्याखाली शिक्षेस पात्र ठरतो. पण ज्या आकड्यावरून जन्मभराचे औषध सुरू होते वा टळते, त्या रक्ततपासणीच्या मापाविषयी ग्राहकाने काहीच विचारू नये, अशी आपली समजूत दिसते. आकडा दशांशापर्यंत छापलेला असला की तो अचूकच, असे आपण धरून चालतो.

वस्तुस्थिती निराळी आहे. शरीराबाहेर आल्यावरही रक्तातील पेशी काही काळ जिवंत असतात व साखर खर्च करीत राहतात. पेशींपासून रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, वेगळा न करता नळी तशीच ठेवली तर साधारण तापमानात साखर ताशी ५ ते ७ टक्क्यांनी घटते, उष्म्यात अधिकच. उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम ही मधुमेहाची सीमारेषा मानली जाते. ज्याची साखर १३० आहे, त्याचे रक्त दोन तास तसेच राहिले तर अहवालात ११५ च्या आसपास आकडा उमटेल आणि रोगी निर्धास्त होऊन घरी जाईल.

नळी बर्फात ठेवणे हा पुरा उपाय नव्हे. गारठ्यात साखर टिकते, पण पेशींतील पोटॅशियम बाहेर झिरपते व निरोगी माणूस आजारी ठरतो. फ्लोराइड घातलेल्या नळीतही पहिला तासभर साखर घटतच राहते. म्हणून रक्त घेतल्यावर शक्य तितक्या लवकर ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रक्तद्रव वेगळा करणे, हाच भरवशाचा मार्ग होय.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात याचे महत्त्व विशेष. करमाळ्याहून शहर शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तेथे घेतलेले रक्त येथे तपासायचे, तर मधल्या तासांचा हिशेब कोणी ठेवायचा?

ज्या मालाची प्रत वापरूनही कळत नाही, त्याच्या बाजारात स्पर्धा केवळ दराची होते, हा अर्थशास्त्राचा अनुभव आहे. नासलेले दूध वासावरून कळते. बिघडलेला नमुना नीटनेटका आकडाच देतो. त्या आकड्याची किंमत मात्र विडी वळणारी बाई किंवा यंत्रमागावरचा कामगार मोजतो: फेरतपासणीत, बुडालेल्या मजुरीत आणि पुढे डोळे व मूत्रपिंडे गमावून.

गावोगावी यंत्रे बसवण्यास पैसा लागेल, हे खरे. परंतु अहवालावर दोन वेळा छापण्यास शाईपलीकडे खर्च नाही: रक्त केव्हा घेतले आणि रक्तद्रव केव्हा वेगळा केला. शासनाने हा नियम प्रथम आपल्या प्रयोगशाळांना लावावा, मग खासगी प्रयोगशाळांना. तोवर सुशिक्षित ग्राहकाने दराबरोबर या दोन वेळाही विचाराव्यात. विचारणारे वाढले की लिहून ठेवणारेही वाढतील.