नाव झाकून पाहावेत असे पत्ते

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात स्पायडर-मॅनचा स्वतंत्र संच 26 सप्टेंबर 2025 रोजी बाजारात आला आणि खेळाडूंमधला जुना वाद पुन्हा पेटला. रिचर्ड गारफिल्ड यांनी 1993 मध्ये रचलेल्या या खेळाला स्वतःचे मांत्रिक आहेत, स्वतःचे ड्रॅगन आहेत, स्वतःची कितीतरी जगे आहेत. मग त्यात न्यूयॉर्कचा पीटर पार्कर, त्याची मे काकू, हॉट डॉगची गाडी आणि गल्लीतले कबुतर कशाला, असा एका बाजूचा सवाल आहे. (गाडी आणि कबुतर हे खरोखरचे पत्ते आहेत. कबुतर मैदानातून गेले की मागे खाऊ ठेवून जाते.) पत्ता चांगला असेल तर त्यावर कोणाचे चित्र आहे याने काय बिघडते, असे दुसरी बाजू विचारते.

बाहेरच्यांना हा वाद पोरकट वाटेल. पण या खेळात प्रत्येक पत्ता आपला नियम स्वतःच्या अंगावर वागवतो आणि प्रत्येक खेळाडू हजारो पत्त्यांमधून आपला डेक स्वतः बांधतो. त्यामुळे नवा पत्ता आला की आधीच्या सगळ्या पत्त्यांचे मोल हलते. अलीकडच्या काही वर्षांचे संच चालणाऱ्या ‘स्टँडर्ड’ प्रकारात तर हे फारच जाणवते. पाहुण्या जगांचे संच त्या प्रकारात चालतील असे प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केले आणि तिथे खरा पेच सुरू झाला. तोवर न आवडणाऱ्या पाहुण्याकडे पाठ फिरवता येत होती. आता स्पर्धा जिंकायची तर त्याच्याशी गाठ पडणारच.

कंपनी असे का करते, याचे उत्तर सरळ आहे. जून 2025 मधल्या ‘फायनल फँटसी’ संचाने एका दिवसात 20 कोटी डॉलरची विक्री केली, असे मालक कंपनी हॅस्ब्रोचे प्रमुख ख्रिस कॉक्स यांनी सांगितले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या संचाला तेवढ्यासाठी सहा महिने लागले होते. या आकड्यांपुढे शुद्धतेचा आग्रह किती टिकणार? शिवाय नवे लोक खेळात येतात, हा लाभ खोटा नाही. मात्र त्याची किंमत ग्राहकाच्या खिशातून जाते. अमेरिकेत त्या वर्षी खेळाच्या स्वतःच्या जगातल्या बूस्टर पाकिटाची (आत कोणते पत्ते निघतील हे आधी कळत नाही) छापील किंमत 5.49 डॉलर होती आणि पाहुण्या संचाच्या पाकिटाची 6.99.

तेव्हा या संचातले पत्ते दोन कसोट्यांवर पारखावेत. पहिली कसोटी: चित्र झाकून नुसता नियम वाचला तर पात्र ओळखू येते का? दुसरी: नाव पुसले तरी तो पत्ता डेकमध्ये ठेवावासा वाटतो का? योगायोगाने दुसरी कसोटी कंपनीनेच आपल्याला आयती करून दिली आहे. स्पायडर-मॅन ज्यांचा, त्या मार्व्हलचा परवाना डिजिटल खेळाला लागू नव्हता, म्हणून संगणकावर हेच पत्ते ‘थ्रू द ओमनपाथ्स’ या नावाने, वेगळ्या चित्रांनी आणि वेगळ्या पात्रांनी अवतरले. नियम मात्र जसेच्या तसे.

दोन्ही कसोट्यांवर सर्वांत खणखणीत वाजतो तो ‘सुपीरियर स्पायडर-मॅन’. 2013 च्या या कॉमिक मालिकेत, मरायला टेकलेला असताना आपले मन पीटरच्या देहात घातलेला डॉक्टर ऑक्टोपस स्पायडर-मॅन म्हणून वावरतो. पत्ता नेमके तेच करतो. चार मॅना (पत्ता खेळायला मोजायचे या खेळातले चलन) मोजून तो मैदानात आणला की ग्रेव्हयार्डमधल्या, म्हणजे मेलेल्या आणि टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगातल्या, कोणत्याही क्रिएचरची (लढणाऱ्या पात्राच्या पत्त्याची) तो नक्कल होऊ शकतो. नाव आपलेच ठेवतो, बळ 4/4 चे राहते आणि ज्याची नक्कल केली तो पत्ता खेळातून कायमचा बाद होतो. मूळ गोष्टीतला क्रूरपणासुद्धा नियमात उतरला आहे.

आणि खेळ म्हणून? ‘ब्रिंगर ऑफ द लास्ट गिफ्ट’ हा आठ मॅनाचा राक्षसी पत्ता घ्या. तो हातातून खेळला, तरच मैदानावरच्या इतर सगळ्या क्रिएचरांचा बळी जातो आणि आधी मेलेले सगळे उठून परत येतात. तो ग्रेव्हयार्डमधून थेट उठवला तर ही करामत होत नाही. सुपीरियर स्पायडर-मॅन मात्र हातातूनच खेळला जातो आणि मग ब्रिंगरचे रूप घेतो, त्यामुळे अट पाळली जाते आणि आठचे काम चारात होते. स्टँडर्डमध्ये या जोडीभोवती अख्खा डेक उभा राहिला. संगणकावर याच पत्त्याचे नाव ‘कावाएरो, माइंड-बिटन’ आहे. हा कावाएरो कोण, हे कोणाला ठाऊक नाही आणि तरी तो जिंकतो.

मार्व्हलच्या सहा ‘इन्फिनिटी’ रत्नांपैकी एक असलेल्या ‘सोल स्टोन’बद्दलचे मत मात्र विभागून द्यावे लागते. दोन मॅनाचा हा पत्ता दर वेळी एक काळा मॅना देतो आणि नष्ट होत नाही. पुढे कधीतरी सात मॅना मोजून स्वतःचे एक क्रिएचर कायमचे गमावले की तो जागा होतो आणि मग दर पाळीच्या आरंभी एक मेलेले क्रिएचर परत आणतो. रत्नासाठी आपल्या माणसाचा बळी, ही ‘इन्फिनिटी वॉर’ पाहिलेल्यांना लगेच ओळखू येणारी गोष्ट. पण खरे सांगायचे तर बहुतेक जण तो जागा करण्याच्या फंदात पडत नाहीत, त्यांना हवा असतो तो स्वस्तातला काळा मॅना. त्यात याची ‘कॉस्मिक फॉइल’ आवृत्ती इतकी दुर्मीळ ठेवली आहे की तिचे सौदे हजारो डॉलरांत झाले. उरलेली पाच रत्ने या संचात नाहीत. हव्यास जागा ठेवायची ही युक्ती आहे आणि तिचे कौतुक करणे मला जमणार नाही.

‘विथ ग्रेट पॉवर…’ हा पत्ता मात्र मनापासून आवडला. तो एका क्रिएचरला जोडायचा. त्याने त्याचे बळ वाढते, पण तुमच्यावर येणारा प्रत्येक घाव तुमच्याऐवजी त्याला सोसावा लागतो. स्पायडर-मॅनच्या सगळ्या गोष्टींचे मर्म कसलाही उपदेश न करता एका नियमात आले आहे. ‘स्पायडर-पंक’ही फर्मास: तो मैदानात असेपर्यंत कोणाचीच चाल कोणाला रोखता येत नाही. बंडखोराला याहून शोभणारा नियम कोणता?

मुंबईशी नाते असलेला पत्ताही या संचात आहे, ‘स्पायडर-मॅन इंडिया’. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी 2004 मध्ये घडवलेला पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईत आलेला धोतरातला पोरगा होता. त्याला शक्ती मिळाली ती योग्याकडून. माया काकू आणि भीम काका हे त्याचे घर. पत्त्यावरच्या गुणाला ‘पवित्रची सेवा’ असे नाव आहे: तुम्ही नवे क्रिएचर खेळले की तुमच्या एकाचे बळ कायमचे वाढते आणि त्या पाळीपुरते ते उडू लागते. म्हणजे पवित्र स्वतः पुढे न होता दुसऱ्याला वर उचलू शकतो. हा पत्ता स्पर्धा गाजवणारा नाही. पण ज्याने कोणी तो रचला, त्याने पात्र वाचले होते एवढे दिसते.

एवढे कौतुक झाल्यावर बाकीच्या संचाकडेही पाहिले पाहिजे, आणि तिथे निराशा आहे. मुळात हा छोटा संच म्हणून आखला होता आणि नंतर फुगवला. ते लपत नाही. स्पायडर-मॅनच्या इतक्या आवृत्त्या आहेत की काही वेळाने कोण कोणता हे नियमावरून सांगता येत नाही, म्हणजे पहिल्या कसोटीवर ते पत्ते पडतात. हॉट डॉगच्या गाडीला नवे नाव द्या, काहीही हरवत नाही. ती दुसऱ्या कसोटीला उतरते, पण मग परवान्याचा खटाटोप कशासाठी? चार जणांनी फोडलेल्या पाकिटांतून पाळीगणिक दोन-दोन पत्ते उचलून डेक बांधण्याचा नवा डाव हा या छोटेपणावरचाच उतारा होता.

माझा कौल असा. पाहुणे येऊ द्यावेत. सुपीरियर स्पायडर-मॅनसारखा पत्ता त्या कॉमिकशिवाय कोणाला सुचला असता असे मला वाटत नाही. पण स्टँडर्डमध्ये सक्तीने नको. आणि सक्ती करायचीच असेल, तर नाव बदललेले जे पत्ते संगणकासाठी तयार आहेत तेच कागदावरही छापावेत, म्हणजे ज्याला पीटर नको तो कावाएरो घेईल. यात अशक्य काही नाही. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या पत्त्यांना ‘युनिव्हर्सेस विदिन’ या नावाखाली कंपनीने मागे असे दुसरे रूप दिलेच होते. तोवर आवडलेले पत्ते सुटे विकत घ्या, पाकिटांच्या नादी लागू नका.