चाळिशीनंतरची चार वेडे

पूर्वी दोन माणसे भेटली म्हणजे एकमेकांच्या प्रकृतीची चौकशी करीत. पावसापाण्याचे बोलणे होई, मुलीचे लग्न कुठवर आले हे विचारले जाई. आता पहिला प्रश्न असतो, "सध्या काय बघताय?" विचारणाऱ्याच्या खिशात उत्तर तयारच असते. आपण तोंड उघडण्यापूर्वी तो एका मालिकेचे नाव सांगून मोकळा होतो. ती आपण पाहिलेली नाही असे कळताच त्याच्या चेहऱ्यावर जी कीव उमटते, ती पूर्वी मॅट्रिकला नापास झालेल्या मुलाच्या वाट्याला येत असे.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. चाळिशी वयालाही लागली आहे आणि नाकावरही बसली आहे. वर्षभर या सदरात मी वाचकांना शब्दांच्या गमती सांगत असतो. पण दिवाळीच्या ताटात रोजची भाजीपोळी वाढून कसे चालेल? तेव्हा आज मीच तो प्रश्न स्वतःला विचारतो आहे.

विचारण्याला कारणही घडले. श्रावणात तृतीय वर्षाच्या वर्गातली एक मुलगी मला म्हणाली, "सर, सगळं बघून झालंय. आता काही आवडतच नाही." वय वर्षे वीस! त्याच आठवड्यात घरी आईच्या पानात मी आग्रहाने आणखी थोडी आमटी वाढू लागलो, तेव्हा तिने हात आडवा धरला. "राहू दे. आता काय आवडायचं राहिलंय?" आईचे वय शहात्तर. दोन वर्षांपूर्वी आमचे वडील गेले. तेव्हापासून ती जेवते, पण पान समोर येते म्हणून जेवते. एकीला फार मिळाले होते, दुसरीचे फार गेले होते, आणि दोघी येऊन पोचल्या होत्या एकाच ठिकाणी. मी दोघींच्या बरोबर मधोमध उभा. त्या रात्री मी मनाशी हिशेब मांडला, की आपल्याला अजून खरोखर काय काय आवडते? चार गोष्टी निघाल्या.

पहिली गोष्ट दूरदर्शनची. शंकर नाग यांनी ऐंशीच्या दशकात केलेली 'मालगुडी डेज' मी सध्या पुन्हा पाहतो आहे. कर्नाटकातल्या आगुंबे गावात तिचे चित्रण झाले. आर. के. नारायण यांच्या कथा, त्यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रे आणि एल. वैद्यनाथन यांची ती धून! ती ऐकली की माझ्या पिढीची माणसे हातातले काम टाकून दोन क्षण गप्प होतात.

ही मालिका प्रथम लागली तेव्हा मी जवळजवळ स्वामीच्याच वयाचा होतो. स्वामीचे वडील म्हणजे गिरीश कार्नाड. 'उंबरठा'त स्मिता पाटीलचे पती झालेले तेच. त्या वेळी ते मला साक्षात यम वाटत. नारायण यांच्या १९३५ सालच्या मूळ कादंबरीत वडील सुट्टीत स्वामीला आंब्यांचे गणित घालतात. गणित साधे, पण स्वामीला आधी हे ठरवायचे असते की आंबे पिकलेले आहेत की कच्चे! लहानपणी मी यावर पोट धरधरून हसलो होतो. आज हसू येतेच, पण नजर मुलावरून उठून बापावर जाते. सुट्टीच्या दिवशी या माणसाला दुसरा उद्योग नव्हता काय? होता, परंतु मुलाशी बोलावे कसे हे त्याला ठाऊक नव्हते, म्हणून त्याने गणित घातले. आमचे वडील पाढे विचारीत. आता मी माझ्या मुलीला वृत्ते विचारतो. मालिका तीच आहे, आम्हीच बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला सरकलो.

दुसरी गोष्ट चित्रपटाची. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गाजला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नारायण कांबळे हा म्हातारा लोकशाहीर. मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या एका कामगाराने त्याचे गाणे ऐकून आत्महत्या केली, असा त्याच्यावर आरोप. ही भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ साली करोनाने ते गेले.

या चित्रपटात कॅमेरा फारसा हलत नाही. तो कोर्टातल्या मागच्या बाकावर बसलेल्या पक्षकारासारखा बसून राहतो आणि तारखा पडताना पाहतो. मृत कामगाराची बायको साक्ष देते, की गटारात उतरण्यापूर्वी नवरा आत दगड टाकून बघायचा. झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजायचा. ती हे रडून सांगत नाही, भाजीचा भाव सांगावा तसे सांगते. मग कॅमेरा सरकारी वकीलबाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो. मुलाला घेऊन त्या घरी येतात, स्वयंपाक करतात, सगळ्यांना वाढतात. त्यांचा राग यावा अशी आपली तयारी असते, पण घामेजलेल्या त्या बाईंत आपली बहीण दिसू लागते, आणि राग कुणावर काढावा हेच कळेनासे होते.

मी हा चित्रपट वर्गाला दाखवला. पहिली वीस मिनिटे चुळबूळ झाली, दोघांनी मोबाइल काढले. शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवतात आणि पडदा काळोखा होतो. चित्रपट तिथे संपत नाही, पण संपला असे वाटूनही एक मुलगा जागचा उठला नाही.

तिसरी गोष्ट फक्त साडेतीन मिनिटांची. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांनी गायिलेली भैरवी, 'जात कहाँ हो'. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याच्या. ध्वनिमुद्रणाची त्यांना मुळीच हौस नव्हती. समोर श्रोते बसले आहेत अशा मैफलीतच त्यांचे मन रमे. आणि दैवाचा विनोद पाहा! १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर याने अंतराळात सोडली, आणि त्यांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर जगभरच्या निवडक संगीतात याच बाईंची ही भैरवी घेतली. दुसरे यान उडाले ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावाचे क्षेत्र ओलांडून पलीकडे गेले.

भैरवी आपण मैफलीच्या शेवटी गातो. घरी निघालेल्या माणसाला 'कुठे जातोस' म्हणून विचारणारे हे गाणे, जे कधीच घरी परतणार नाही अशा प्रवाशाबरोबर गेले आहे. गेला महिनाभर रोज सकाळी चहाच्या आधी मी ते एकदा ऐकतो. पहिल्या दिवशी जुन्या तबकडीची खरखरच जास्त ऐकू आली. आठव्या दिवशी खरखर मागे सरली आणि आवाज पुढे आला; धारदार, भरघोस, कुणाची मनधरणी न करणारा. विसाव्या दिवसानंतर असे वाटू लागले, की साडेतीन मिनिटे हा फार मोठा वेळ आहे.

चौथी गोष्ट पोटाची. आईचे माहेर अलिबागकडचे, म्हणून तिच्या हातचे कडव्या वालांचे बिरडे. रायगडात भात निघाल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलाव्यावर हे वाल होतात. त्यांना घाई चालत नाही. रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, चांगले मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. हिंग-हळदीच्या फोडणीवर कांदा परतून डाळिंब्या टाकायच्या, वर पाण्याचे झाकण ठेवायचे. मग ओले खोबरे आणि जिऱ्याचे वाटण, आमसूल, गूळ. डाव मारून ढवळले की डाळिंब्या मोडल्याच. पातेले फडक्याने धरून हलकेच हलवायचे.

दोन वर्षांत आमच्या घरी बिरडे झाले नव्हते. सोलत बसायला कुणाला वेळ होता? सौभाग्यवती बँकेत, मुलगी शिकवणीला. गणपतीनंतरच्या एका रविवारी मी स्वतः अर्धा किलो वाल भिजत घातले आणि सोमवारी संध्याकाळी परात घेऊन आईसमोर बसलो. माझा पहिला वाल सालीसकट उडून तिच्या चष्म्यावर आदळला. तिने काही न बोलता परात स्वतःकडे ओढली.

वाल सोलताना एक सोय असते. हात गुंतलेले आणि डोळे खाली, त्यामुळे समोरच्याकडे न पाहता बोलता येते. पाच-दहा मिनिटांनी आई म्हणाली, "तुझ्या वडिलांना बिरडं आवडायचं नाही. कडू लागायचं त्यांना."

मी चकित झालो. वडिलांना प्रत्येक वेळी दोनदा मागून घेताना मी पाहिले होते.

"मला आवडतं म्हणून खायचे. लग्नानंतर चार वर्षांनी मला हे कळलं. मग मी गूळ वाढवला."

त्या रात्री आईने दुसरा घास घेतला आणि कपाळाला आठी घातली. "गूळ कमी पडलाय," ती म्हणाली. सौभाग्यवतीने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. दोन वर्षांत आमच्या घरात स्वयंपाकाला कुणी नाव ठेवले नव्हते. मी मुकाट्याने उठून गुळाचा डबा आणला.

मी पडलो भाषेचा माणूस, म्हणून एक शब्द सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीत गोडी लागते, वेड लागते आणि वेळही लागतो. तिन्हींना आपल्या पूर्वजांनी एकच क्रियापद दिले. वेळ लागू दिला नाही तर उरलेली दोन्ही लागत नाहीत, हे त्यांना बहुधा ठाऊक असावे. वीस वर्षांच्या त्या मुलीने सगळे पाहिले होते, पण काही लागू दिले नव्हते. मी तिला नवी यादी दिली नाही. तिने पाहिलेल्यांतलीच एक गोष्ट निवडावी आणि ती दिवाळीच्या सुट्टीत तीनदा पाहावी, एवढेच सांगितले आहे. ती काय सांगते ते सुट्टीनंतर कळेल.

आणि वाचकहो, तुमचे सध्या काय चालले आहे? फराळ करता करता हिशेब मांडून पाहा. चार गोष्टी निघाल्या तर उत्तमच. एकच निघाली तरी हरकत नाही. मात्र ती एकट्याने घेऊन बसू नका. घरात कुणी तरी असे असेल, ज्याच्या पानात बरेच दिवस गूळ कमी पडतो आहे. परात घेऊन त्याच्यासमोर बसा.